रोझेलची मावशी

१८८० साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, रोझेल नावाच्या गावच्या थिओडोशिया कार्पेंटर या बाई दातांच्या डॉक्टरकडे आपला नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या. तिथे पडलेलं एक मासिक त्यांनी चाळायला घेतलं. ते होतं प्रिन्स्टनहून निघणारं 'मिशनरी रिव्ह्यू'. त्यात हिंदुस्थानातल्या एका पोस्टाच्या कारकुनाचा पत्रव्यवहार छापला होता. या माणसाला आपल्या बायकोला शिकवायचं होतं आणि त्यासाठी अमेरिकेत येण्याचीही त्याची तयारी होती. संपादक रॉयल वाइल्डर यांचं उत्तरही सोबत होतं. त्याचा सूर साधारण असा होता, की आधी ख्रिस्ती व्हा, मग पुढचं बघू.

कार्पेंटरबाईंना ते उत्तर पटलं नाही. घरी येऊन त्यांनी थेट त्या कुटुंबालाच पत्र लिहिलं.

पत्र मिळालं ते गोपाळराव जोशी आणि त्यांची पंधरा वर्षांची बायको आनंदी यांना. इथून पुढची गोष्ट आपल्याला माहीत असते. कुणी शाळेच्या पुस्तकात वाचलेली असते, कुणी श्री. ज. जोश्यांच्या 'आनंदी गोपाळ'मध्ये, तर कुणी २०१९ साली थिएटरात जाऊन पाहिलेली. नऊ वर्षांची असताना लग्न, नवऱ्याचा शिकवण्याचा हट्ट, चौदाव्या वर्षी झालेलं आणि दहा दिवसांत गेलेलं बाळ, मग बोट, फिलाडेल्फिया, पदवी आणि बावीस वर्षं पुरी व्हायच्या आत मृत्यू. या सगळ्यात कार्पेंटरबाई 'अमेरिकेत मदत करणारी दयाळू बाई' म्हणून एका ओळीत येऊन जातात.

मला मात्र त्या एका ओळीचंच कुतूहल जास्त आहे. जिला कधी पाहिलं नाही, जिचा धर्म वेगळा, भाषा वेगळी, वय आईएवढं, अशा बाईला ही मुलगी तीन वर्षं पत्रं लिहीत होती, तीही नुकत्याच शिकलेल्या इंग्रजीत. एक पत्र जाऊन त्याचं उत्तर यायला महिने लागायचे. तेवढ्यात गोपाळरावांची बदली व्हायची. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर, अशी त्यांची नोकरी फिरत होती. गावं बदलली, शेजार बदलले, पण रोझेलचा पत्ता तोच राहिला. आपली प्रकृती, आपल्या चालीरीती, धर्म, बायकांची अवस्था, शिकायची इच्छा, असं बरंच काही या पत्रांतून त्या पत्त्यावर गेलं. कॅरोलाइन डॉल या अमेरिकन लेखिकेने १८८८ मध्ये आनंदीबाईंचं चरित्र लिहिलं, ते बऱ्याच अंशी या पत्रांवर उभं आहे.

आनंदीबाईंच्या आजूबाजूला माणसं नव्हती असं नाही. आई होती, सासर होतं, शेजारणी होत्या. मग ही मोकळीक नेमकी सात समुद्रांपलीकडच्या बाईजवळच कशी सापडली?

*

पहिली गोष्ट भाषेची. मराठीत कुणाशीही बोलायचं तर पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं, की समोरच्याला 'तू' म्हणायचं, 'तुम्ही' की 'आपण'. म्हणजे बोलण्याआधी उंची मोजायची. आनंदीबाईंच्या काळात तर नवऱ्याचं नावही घ्यायची सोय नव्हती, घ्यायचंच तर उखाण्यात. पंधरा वर्षांच्या सुनेने कुणापुढे किती बोलावं, हे तिच्या मनावर नव्हतंच, क्रियापदाच्या रूपातच ते ठरलेलं होतं. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. त्या भाषेतही पायऱ्या असतात, पण त्या व्याकरणात गाडलेल्या नसतात. आनंदीबाईंना इंग्रजी नवीन होती, म्हणजे त्या भाषेतलं 'असं बोलू नये' त्यांना कुणी अजून शिकवलेलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. या दोघी एकमेकींना मैत्रीण म्हणत नव्हत्या. आनंदीबाईंनी कार्पेंटरबाईंना 'आँट' म्हणायला सुरुवात केली. आपण त्याला मावशी म्हणू. काकू किंवा आत्याही म्हणता येईल, पण आईच्या बाजूची ती मावशी, आणि हे नातं त्या बाजूचंच वाटतं.

आपल्याकडे हे इतकं सवयीचं आहे की लक्षातही येत नाही. रिक्षावाले काका, भाजीवाल्या मावशी, शेजारचे दादा. अनोळखी माणूस अनोळखी म्हणून आपल्याला चालत नाही. त्याला आधी कुठल्यातरी नात्यात बसवायचं, म्हणजे मग कसं वागायचं, किती बोलायचं, काय मागायचं हे आपोआप कळतं. परक्या बाईला मनातलं सांगणं आगाऊपणा ठरला असता, मावशीला सांगणं रीतीला धरून होतं. आनंदीबाईंनी आपल्या संस्कृतीची चौकट मोडून मन मोकळं केलं असं म्हणण्यापेक्षा, त्यांनी न्यू जर्सीतल्या एका बाईला त्या चौकटीत आणून बसवलं असं म्हणावं लागेल.

आणि कार्पेंटरबाईंनीही ते मानलं. आनंदीबाईंच्या तब्येतीच्या तक्रारी वाचून त्यांनी अमेरिकेतून औषधं पाठवली. ४ जून १८८३ ला आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा त्यांना घ्यायला त्या बंदरावर हजर होत्या. तो पहिला उन्हाळा आनंदीबाईंनी रोझेलला त्यांच्याच घरी काढला.

*

'मोकळं असणं' या गोष्टीचा अभ्यास मानसशास्त्राने पुढे विसाव्या शतकात केला. त्यातलं एक नाव कुर्ट लेविन. हा जर्मन ज्यू मानसशास्त्रज्ञ. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ साली त्याला देश सोडावा लागला. अमेरिकेत पोचल्यावर त्याला एक कोडं पडलं. इथली माणसं पहिल्याच दिवशी हसून बोलतात, घरी बोलावतात, आणि तरी काही वर्षांनी पाहावं तर आपण होतो तिथेच. १९३६ मध्ये त्याने यावर एक निबंध लिहिला. माणूस म्हणजे एकात एक असलेली वर्तुळं, अशी त्याची मांडणी होती. अमेरिकन माणसाची बाहेरची बरीचशी वर्तुळं खुली असतात, गाभा मात्र बंद. जर्मन माणसाचं दार बाहेरच्या वर्तुळापाशीच लागतं, पण एकदा आत गेलात की बरंच आत जाता येतं. पुढे यावरून 'अमेरिकन म्हणजे पीच आणि जर्मन म्हणजे नारळ' अशी सोपी मांडणी लोकप्रिय झाली. कॉर्पोरेट ट्रेनिंगमध्ये ती स्लाइड मी दोनदा पाहिली आहे. आपण कोकणी माणसाला फणस म्हणतो, त्यातलाच प्रकार.

लेविनचं चित्र सुंदर आहे, पण त्यात एक अडचण आहे. वर्तुळं मोजली की मोकळेपणा ही एकच मोजपट्टी होते. हा जास्त खुला, तो कमी. सिडनी जुरार्ड या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात वेगळा मार्ग घेतला. लॅसॅको या सहकाऱ्याबरोबर त्याने साठ प्रश्नांची एक यादी केली. हे साठ प्रश्न सहा भागांत होते: मतं, आवडीनिवडी, काम, पैसा, स्वभाव आणि शरीर. मग लोकांना विचारलं, की यातलं कुठलं तुम्ही आईला सांगितलंय, कुठलं वडिलांना, कुठलं मित्राला, कुठलं मैत्रिणीला? म्हणजे 'किती' या प्रश्नाबरोबर 'काय' आणि 'कुणाला' हे दोन प्रश्न आले.

फोनमध्ये नवीन ॲप टाकलं की ते कॅमेऱ्याची परवानगी वेगळी मागतं, लोकेशनची वेगळी, कॉन्टॅक्ट्सची वेगळी. सगळं चालू किंवा सगळं बंद, असं एकच बटण नसतं. माणसांचंही बरंचसं असंच असतं, आणि कुठली परवानगी जन्मतःच चालू ठेवायची हे प्रत्येक समाजाने आपापलं ठरवलेलं असतं.

माझ्या टीममध्ये पुण्यातली आम्ही सात जणं, ओहायोची एक जण आणि म्युनिकजवळचा एक जण असे आहोत. ओहायोवालीने ओळख झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात, मीटिंगला बाकीचे यायच्या आत, स्वतःच्या घटस्फोटाबद्दल आणि समुपदेशकाबद्दल सांगितलं. ऐकून मला कानकोंडं झालं. त्याच मुलीला मी एकदा घराचा हप्ता किती जातो असं विचारलं तर ती हसून विषय बदलून गेली. इथे डेक्कन क्वीनमध्ये कर्जत यायच्या आत शेजारच्या काकूंनी माझा पगार, फ्लॅटचं भाडं आणि लग्नाचं कुठवर आलं हे सगळं काढून घेतलेलं असतं, आणि मी सांगितलेलंही असतं. पण त्या काकू माझ्या मनात काय चाललंय ते विचारणार नाहीत आणि मी सांगणार नाही. म्युनिकवाला दोन वर्षं फक्त कोडबद्दल बोलला. तिसऱ्या वर्षी त्याने वडिलांच्या आजारपणाबद्दल एक लांबलचक ईमेल लिहिली. ती मी अजून जपून ठेवली आहे. या तिघांत मोकळं कोण, असं मला कुणी विचारलं तर मी उलट विचारीन, कुठल्या विषयात?

*

जुरार्डच्या यादीतला शेवटचा भाग होता शरीर. आनंदीबाईंच्या गोष्टीत सगळं वळण घेतं ते तिथेच.

फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमध्ये प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी जे पत्र लिहिलं, त्यात आपला हेतू स्पष्ट सांगितला होता. माझ्या देशातल्या बायकांना वैद्यकीय मदतीची नितांत गरज आहे, आणि पुरुष डॉक्टरकडून ती घेण्यापेक्षा त्या मरण पत्करतात, असा त्याचा मथितार्थ. यात अतिशयोक्ती नव्हती. बाळंतपणातल्या, पाळीच्या, अंगावरून जाण्याच्या तक्रारी पुरुषाला सांगायच्या नाहीत, घरातल्या मोठ्या बाईला सांगितल्या तर ती म्हणणार, बाईच्या जातीला हे असायचंच. सांगण्याजोगं माणूसच नसल्यामुळे बायका मरत होत्या. आनंदीबाईंचं वैद्यक म्हणजे एका अर्थाने असं माणूस तयार करायचा प्रयत्न होता, जिच्यापुढे हे बोलता येईल. त्यांच्या प्रबंधाचा विषयही हिंदू समाजातलं प्रसूतिशास्त्र हाच होता.

हे सगळं ज्या मुलीला सुचलं, तिला आपल्या डोकेदुखीबद्दल आणि तापाबद्दल मोकळेपणाने लिहायला रोझेलची मावशी होती, हे मला योगायोगाचं वाटत नाही. आपलं दुखणं कुणीतरी शेवटपर्यंत वाचतं आणि त्यावर उपाय पाठवतं, हा अनुभव तिच्या आसपासच्या किती बायकांनी घेतला असेल?

१४० वर्षांनी यात किती फरक पडला? दोन वर्षांपूर्वी मला थायरॉइड निघाला. केस गळत होते, पाळीचं गणित कोलमडलं होतं, संध्याकाळी पायऱ्या चढवत नव्हत्या. हे मी सगळ्यात आधी सांगितलं ते ओहायोच्या त्या मुलीला. माझी आई माझ्यावर जीव टाकते, पण तिला सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, की आता स्थळांना काय सांगायचं? ओहायोवालीला स्थळ म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. तिने विचारलं ते एवढंच, की डॉक्टरकडे कधी जाते आहेस? आईला मी महिन्याने सांगितलं, रिपोर्ट आणि गोळ्या हातात आल्यावर. तेव्हा कळलं, की तिलाही मी पोटात असल्यापासून हेच आहे, आणि तिनेही ते घरात कुणाला धड सांगितलेलं नव्हतं.

दूरच्या माणसाजवळ मोकळं होता येतं त्याचं एक कारण हेच आहे. आपण सांगितलेल्या गोष्टीचे त्याच्या जगात परिणाम होत नाहीत. ती गोष्ट तिथून फिरून आपल्या गल्लीत येत नाही.

*

पण कधीकधी येते, आणि तेव्हा माणूस मिटतो.

अमेरिकेत असताना आनंदीबाईंनी एका जाहीर भाषणात बालविवाहाची बाजू घेतली. ऐकणाऱ्या अमेरिकन बायकांना धक्का बसला. जिचं नवव्या वर्षी लग्न झालं, जिचं बाळ गेलं, ती असं कसं बोलते? आपल्यालाही वाचताना खटकतं. पण समोर कोण होतं ते पाहा. बोटीवर सोबत आलेल्या मिशनरी बायकांनी ख्रिस्ती व्हावं म्हणून त्यांचा पिच्छा पुरवला होता. हिंदुस्थानातल्या बायकांची दुःखं मिशनच्या सभांमध्ये देणग्या गोळा करायला सांगितली जात. आणि त्यांनी स्वतः २४ फेब्रुवारी १८८३ ला श्रीरामपूरच्या कॉलेजात सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं, की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. त्या व्यासपीठावर आनंदी जोशी ही एकटी मुलगी नव्हतीच. अख्ख्या समाजाच्या वतीने ती उभी होती. अशा वेळी घरातली जखम दाखवणं म्हणजे घराविरुद्ध साक्ष देणं.

तीच मुलगी खासगीत काय लिहीत होती? अमेरिकेतून तिने गोपाळरावांनाच एक पत्र लिहिलं. लहानपणी तुम्ही मला लाकडाने मारलंत, खुर्च्या आणि पुस्तकं फेकलीत, सोडून जायच्या धमक्या दिल्यात, हे सगळं तिने त्यात एकेक करून मांडलं. त्या वागण्याला चांगलं म्हणावं की वाईट, हे ठरवणं अवघड आहे, असंही तिने त्यात म्हटलं. एका छपराखाली राहताना हे वाक्य तिला बोलता आलं नसतं. मधे समुद्र आला, पत्राचा कागद आला, तिच्याजवळ स्वतःची जागा आली, तेव्हा ते लिहिता आलं.

एकाच बाईची ही तीन रूपं. मावशीला तब्येत आणि स्वप्नं, सभेला समाजाची बाजू, नवऱ्याला त्याचाच हिशोब. यातलं खरं कुठलं, असा प्रश्न मला पडत नाही. तिन्ही खरी आहेत. फक्त तिन्ही ठिकाणी सांगण्याची किंमत वेगवेगळी होती.

याच काळात अशीच दुसरी एक मैत्री इंग्लंडमध्ये चालू होती. आनंदीबाईंच्या दूरच्या नात्यातल्या पंडिता रमाबाई १८८३ साली वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहायला गेल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचं नातं जुळलं, आणि नात्याचं नाव काय, तर 'आजीबाई'. पुन्हा तीच रीत, परक्या बाईला घरात घ्यायचं ते नात्याने. या दोघींचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. तो वाचताना जीव टांगणीला लागतो, कारण इथे मोकळेपणा हा हक्काने मागितला जात होता. शिष्येने मनातली प्रत्येक शंका उघड करावी आणि मग गुरूने ती दुरुस्त करावी, अशी सिस्टरांची अपेक्षा. रमाबाई शंका उघड करायच्या, दुरुस्त मात्र करून घ्यायच्या नाहीत. काय खायचं, मनोरमेला काय शिकवायचं, येशूच्या देवत्वाचा अर्थ काय, यावर पानंच्या पानं वाद आहेत. हिंदुस्थानातल्या पुरोहितांचं जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलंय, आता दुसरं घालून घेणार नाही, असं रमाबाईंनी कळवलं. सिस्टरांना हा अहंकार वाटला. त्यांच्या परंपरेत मन उघडणं म्हणजे शरण जाणं होतं. शास्त्रार्थ ऐकत वाढलेल्या रमाबाईंना मन उघडणं म्हणजे वादाला आमंत्रण वाटत असावं.

हे नातं तुटलं नाही. कुरकुरत, दुखावत ते वर्षानुवर्षं चाललं. पण कार्पेंटरबाईंच्या पत्त्यावर जी निवांत मोकळीक होती ती इथे दिसत नाही. कार्पेंटरबाईही श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या, पण आनंदीबाईंच्या जपण्याची अट म्हणून त्यांनी आपला धर्म पुढे केला नाही.

या दोन पत्रव्यवहारांतून मला उमगलं ते असं. वेगळ्या संस्कृतीतल्या मित्रामुळे आपण मोकळे होतो ते तो जास्त मोकळा असतो म्हणून नव्हे. आपल्या ज्या दाराशी आपल्याकडे पहारा असतो, त्या दाराशी त्याच्याकडे पहारा नसतो. पण त्यालाही आपलं सांगणं कशासाठी तरी हवं असेल, मग ते धर्मासाठी असो, निधीसाठी असो की 'तुमच्या देशात असंच असतं का' या कुतूहलासाठी, तर तो नवा पहारेकरी होतो. परदेशी सहकाऱ्याने 'अजूनही तुमच्यात ठरवून लग्नं होतात का' असं विचारल्यावर मी अचानक आईवडिलांची वकील होते, घरी आल्यावर मात्र त्यांच्याशीच त्या विषयावरून भांडते. फिलाडेल्फियाच्या आनंदीबाई मला त्या क्षणी चांगल्याच कळतात.

*

११ मार्च १८८६ ला आनंदीबाईंना पदवी मिळाली. समारंभासाठी रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. त्याच वर्षाच्या अखेरीला आनंदीबाई परतल्या त्या क्षयाने पोखरलेल्या अवस्थेत, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. एकाही बाईला तपासायची संधी त्यांना इथे मिळाली नाही.

गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी अमेरिकेला, कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथे कार्पेंटर कुटुंबाची स्मशानभूमीत जागा होती. त्या जागेत कार्पेंटरबाईंनी त्या ठेवल्या आणि वर दगड उभारला. शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, अशी त्यांची ओळख त्यावर कोरलेली आहे. न्यू जर्सीत नोकरीला असलेली मराठी मुलं-मुली कधीकधी तिथे जाऊन फुलं ठेवून येतात आणि फोटो टाकतात. तो दगड सार्वजनिक स्मारक म्हणून चौकात उभा नाही. तो घरच्या माणसांच्या ओळीत आहे, कारण 'आँट' हा शब्द दोघींपैकी कुणीच नुसता मायना म्हणून लिहिला नव्हता.